‘माहीत असेल तर’: एका दिवसात सही झालेले आणि न झालेले कायदे

१३ ऑक्टोबर २०२५. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्या वर्षी पाठवलेल्या विधेयकांवर गव्हर्नरने निर्णय देण्याचा शेवटचा दिवस. गॅव्हिन न्यूसम यांच्यापुढे लहान मुलं आणि चॅटबॉट यांच्याबद्दलची दोन विधेयकं होती. एसबी २४३ वर त्यांनी सही केली आणि एबी १०६४ नकाराधिकार वापरून परत पाठवलं. (एसबी म्हणजे राज्याच्या सिनेटमध्ये मांडलेलं विधेयक, एबी म्हणजे असेंब्लीत मांडलेलं.) मवाळ विधेयक तरलं आणि कडक विधेयक बुडालं, अशा बातम्या आल्या. त्यात खोटं काही नाही. पण दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले तर मला कडकपणापेक्षा वेगळाच फरक दिसतो. एक मसुदा कंपनीला विचारतो, ‘समोर लहान मूल आहे हे तुला माहीत होतं का?’ दुसरा विचारतो, ‘तुझं यंत्र मुलाशी काय बोलू शकेल याचा अंदाज तुला यायला हवा होता की नाही?’

त्याच दिवशी सही झालेलं तिसरंही एक विधेयक होतं. या वादात त्याचं नाव फारसं निघालं नाही. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथे आहे.

आधी काय घडलं होतं

फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका १४ वर्षांच्या मुलाने आपलं आयुष्य संपवलं. त्याआधी कित्येक महिने तो कॅरेक्टर डॉट एआय या ॲपवर एका काल्पनिक पात्राशी बोलत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या आईने कंपनीवर ऑरलँडोच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. पुढे कॅलिफोर्नियातल्या विधेयकालाही तिने जाहीर पाठिंबा दिला.

या प्रकरणातला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ॲपच्या संभाषणाच्या चौकटीत एक ओळ कायम दिसत असे: पात्रं जे बोलतात ते सगळं रचलेलं आहे, हे लक्षात ठेवा. म्हणजे सूचना होतीच. समोर माणूस नाही हे त्या मुलाला ठाऊक होतं, असं तेव्हाच्या वार्तांकनातही आलं. त्याला कुणी फसवलं नव्हतं. त्याला लळा लागला होता. समोरचं खोटं आहे हे कळल्याने लळा सुटत असता तर हा खटला उभाच राहिला नसता.

दुसरं प्रकरण कॅलिफोर्नियातलंच. एप्रिल २०२५ मध्ये १६ वर्षांचा एक मुलगा गेला. ऑगस्टमध्ये त्याच्या आईवडिलांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात ओपनएआयवर दावा दाखल केला. मुलगा चॅटजीपीटी वापरू लागला तो शाळेच्या अभ्यासासाठी. दाव्यात म्हटलं आहे की स्वतःला इजा करण्याच्या संदर्भात त्याचे ३७७ संदेश कंपनीच्याच यंत्रणेने धोक्याचे म्हणून टिपले होते, तरीही संभाषण थांबलं नाही. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. पण त्याच ऑगस्टमध्ये तिने एक गोष्ट स्वतःहून मान्य केली: सुरक्षेचे उपाय छोट्या संभाषणात नीट चालतात, संभाषण लांबत गेलं की त्यांचा भरवसा कमी होऊ शकतो.

हे असं का होतं? भाषेचं मॉडेल प्रत्येक उत्तर देताना आधीचं सगळं बोलणं पुन्हा विचारात घेतं. आत्महत्येचा विषय निघाला की मदतीचा क्रमांक द्यायचा, हे त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. पण मागे शेकडो संदेशांची जवळीक, ठरलेला सूर आणि एकमेकांना दिलेली टोपणनावं साचली असतील, तर पुढचं ‘शोभणारं’ उत्तर त्या सुराकडे ओढलं जातं. शिवाय माणसांनी पसंत केलेली उत्तरं दाखवून या मॉडेलांना घडवलेलं असतं, आणि आपल्या म्हणण्याला दुजोरा देणारं उत्तर माणसाला आवडतं. हो ला हो मिळवण्याची सवय अशी मुळातच रुजते. पहिल्या पाच मिनिटांत शहाणं वाटणारं यंत्र पाचव्या तासाला वेगळं वागतं. आणि एकट्या पडलेल्या मुलाचं संभाषण पाच मिनिटांत संपत नाही.

त्या वर्षी दबाव सगळीकडून वाढत होता. मुलं आणि माध्यमं यांवर काम करणाऱ्या कॉमन सेन्स मीडिया या संस्थेने १३ ते १७ वयाच्या १,०६० मुलांची पाहणी केली. त्यातल्या ७२ टक्के मुलांनी असा एआय सोबती कधी ना कधी वापरला होता, निम्म्याहून थोडी जास्त मुलं तो नियमित वापरत होती. ऑगस्टमध्ये रॉयटर्सने मेटाची अंतर्गत नियमावली उघड केली. चॅटबॉटने लहान मुलांशी शृंगारिक वळणाचं बोलणं चालेल, असं तीत लिहिलेलं होतं. सप्टेंबरमध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या केंद्रीय संस्थेने सात कंपन्यांकडून माहिती मागवली. चर्चा पुष्कळ झाली, पण कायदा करायला राज्यंच पुढे आली.

जे सही झालं

एसबी २४३ स्टीव्ह पडिया या सिनेटरचं. सिनेटमध्ये ३३ विरुद्ध ३ आणि असेंब्लीत ५९ विरुद्ध १ मतांनी ते मंजूर झालं. १ जानेवारी २०२६ पासून ते लागू आहे. देशातला असा पहिला कायदा म्हणून त्याचा डिंडिम पिटला गेला. तो थोडा ओढूनताणूनच म्हणायचा, कारण न्यूयॉर्कने आपल्या २०२५ च्या अर्थसंकल्पाबरोबरच सोबती चॅटबॉटवर कायदा केला होता आणि तो ५ नोव्हेंबरपासून लागूही झाला. मात्र न्यूयॉर्कमध्ये कारवाई ॲटर्नी जनरलच्या हाती आहे. कॅलिफोर्नियात नुकसान झालेली कुठलीही व्यक्ती स्वतः न्यायालयात जाऊ शकते. हा फरक लहान नाही.

कायदा सांगतो ते थोडक्यात असं. समोर माणूस आहे असा समंजस व्यक्तीचाही गैरसमज होण्यासारखा असेल, तर हे यंत्र आहे असं ठळकपणे सांगा. आत्महत्या आणि स्वतःला इजा करण्याबद्दलचा मजकूर रोखण्याची, गरजूला मदतवाहिनीकडे वळवण्याची कार्यपद्धती ठेवा आणि ती संकेतस्थळावर जाहीर करा. ती नसेल तर चॅटबॉट चालवूच नका. हे वयाने लहानमोठ्या सर्वांसाठी. समोरची व्यक्ती अल्पवयीन आहे हे ‘माहीत असेल’ तर आणखी काही: तू यंत्राशी बोलतो आहेस हे सांगा, संभाषण चालू राहिलं तर निदान दर तीन तासांनी थोडं थांबण्याची आठवण करा, आणि लैंगिक कृतीची चित्रं तयार होणार नाहीत किंवा मुलाला तशी कृती करायला थेट सांगितलं जाणार नाही याची काळजी घ्या. १ जुलै २०२७ पासून कंपन्यांनी राज्याच्या आत्महत्या प्रतिबंध कार्यालयाला दरवर्षी अहवाल द्यायचा. मागच्या वर्षात किती वेळा मदतवाहिनीकडे वळवलं, हा आकडाही त्यात असेल.

आता यातल्या फटी. तीन तासांची अट चालू संभाषणाला आहे. दिवसातून सहा वेळा चाळीस-चाळीस मिनिटं बोलणाऱ्या मुलाला ती आठवण कधी मिळेल, हे कंपनी ‘चालू’ या शब्दाचा काय अर्थ लावते त्यावर ठरेल. लैंगिक मजकुराचा नियम चित्रं आणि थेट सांगणं एवढ्यापुरताच आहे. या ॲपांवर मुलांशी जे घडतं ते मुख्यतः लिहिलेल्या शब्दांत घडतं. प्रेमीयुगुलाचं नाटक रंगवणारा, मुलाला काहीही करायला न सांगणारा मजकूर या वाक्यातून अलगद निसटतो. आणि माणूस नसल्याची आठवण तर फ्लोरिडातल्या त्या ॲपवर चोवीस तास होती.

विधेयक मुळात असं नव्हतं. मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी अनियमितपणे बक्षिसं देण्याच्या क्लृप्तीवर सुरुवातीच्या मसुद्यात बंधन होतं, त्रयस्थाकडून तपासणीही होती. दुरुस्त्यांमध्ये दोन्ही गळलं. शेवटच्या दुरुस्त्यांनंतर कॉमन सेन्स मीडियाने आणि कॅलिफोर्नियातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठिंबा काढून घेतला. मुलांच्या बाजूच्या संस्था मागे सरकाव्यात आणि उद्योगाचा विरोध मावळावा, एवढ्यावरून मसुदा कुठे झुकला ते कळतं.

पण दात सगळेच पडलेले नाहीत. प्रत्येक उल्लंघनामागे प्रत्यक्ष नुकसान किंवा १,००० डॉलर, यातली मोठी रक्कम आणि शिवाय वकिलाचा खर्च. रक्कम किरकोळ दिसते. खरी किंमत दावा उभा राहिल्यावर कळते, कारण मग कंपनीचे अंतर्गत ईमेल, चाचण्यांचे निकाल आणि धोक्याच्या खुणा लागलेल्या संदेशांच्या नोंदी न्यायालयापुढे मागवता येतात. कार्यपद्धती संकेतस्थळावर जाहीर केली की कंपनी स्वतःच्याच शब्दांत अडकते. तिथे ‘आम्ही संभाषण वळवतो’ असं लिहिलं आणि नोंदींत ३७७ वेळा ते वळलं नाही असं निघालं, तर वकिलाला आणखी काय हवं?

जे परत गेलं

एबी १०६४ रिबेका बाउर-केहन या असेंब्ली सदस्येचं, कॉमन सेन्स मीडियाने पुरस्कृत केलेलं. त्याची रचना उलटी होती. मुलांना सोबती चॅटबॉट द्यायचाच नाही. अपवाद एकच: ठरावीक अपाय तो करू शकेल असा अंदाज बांधता येत नसेल तर. अपायांची यादी लांब होती. स्वतःला इजा, हिंसा, व्यसन, खाण्यापिण्याचे विकार यांना उत्तेजन, लैंगिक संवाद, परवानाधारक व्यक्तीच्या देखरेखीशिवाय मानसोपचार. त्याखेरीज मला सगळ्यात नेमकी वाटणारी दोन कलमं: सत्यापेक्षा किंवा मुलाच्या सुरक्षेपेक्षा त्याला दुजोरा देण्याला महत्त्व देणं, आणि मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी सुरक्षेचे उपाय मागे टाकणं. ॲटर्नी जनरलला दर उल्लंघनामागे २५,००० डॉलरपर्यंत दंड मागता आला असता.

दुखणं काय आहे हे या मसुद्याने ओळखलं होतं. मूल फसतं हा त्याचा मुद्दा नव्हता, मूल अडकतं हा होता. मात्र औषधाची मात्रा अशी होती की रोग्याबरोबर दवाखानाही बंद पडावा. भाषेचं मॉडेल अमुक एक वाक्य बोलू शकणारच नाही, याची हमी आज कुणीही अभियंता देऊ शकत नाही. शक्यता कमी करता येते, शून्य करता येत नाही. आणि ‘अंदाज बांधता येण्यासारखं’ म्हणावं, तर जे एकदा जगजाहीर झालं त्याचा अंदाज यापुढे सगळ्यांनाच असणार. मग कुठलाच चॅटबॉट पात्र ठरत नाही. गणितात अडलेल्या मुलाला मदत करणाऱ्या सर्वसाधारण चॅटबॉटलाही सोबतीची व्याख्या लागू होईल का, हा वाद त्यात होताच. न्यूसम यांनी नकाराधिकाराच्या पत्रात हेच धरलं: निर्बंध इतके व्यापक आहेत की अल्पवयीनांसाठी या साधनांवर नकळत सरसकट बंदी येऊ शकते, आणि एआयशी सुरक्षितपणे कसं वागायचं हे मुलांना शिकायलाच हवं.

तंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनांनी या विधेयकाविरुद्ध जोरदार मोहीम चालवली होती. त्यामुळे पत्रातली कारणं म्हणजे निव्वळ पांघरूण, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. मला ते अर्धवट वाटतं. कॅलिफोर्नियाची याबाबतीतली पाटी कोरी नाही. अल्पवयीनांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यावरचा २००५ चा तिचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ७ विरुद्ध २ असा रद्द केला. (त्या कायद्यावर सही आर्नोल्ड श्वार्झनेगर यांची होती. पडद्यावर त्यांनी किती गोळ्या झाडल्या याचा हिशेब न्यायालयाने घेतला नाही.) मुलांच्या वयाला साजेशी रचना ठेवायला संकेतस्थळांना भाग पाडणारा २०२२ चा कायदाही फेडरल न्यायालयात अडवला गेला. दोन्ही वेळी आड आली अमेरिकेच्या राज्यघटनेतली अभिव्यक्तिस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती. मजकुरावर बोट ठेवणारा कायदा न्यायालयात जास्त लवकर पडतो. यादी जितकी सविस्तर, तितका तो मजकुरावर बोट ठेवतो.

अर्थात वारं थोडं फिरलंही होतं. मे २०२५ मध्ये ऑरलँडोच्या न्यायाधीशांनी, चॅटबॉटचे शब्द म्हणजे संरक्षित अभिव्यक्ती असं या टप्प्यावर मानायला नकार दिला आणि दावा पुढे चालू दिला. जूनमध्ये प्रौढांच्या संकेतस्थळांवर वय तपासण्याचा टेक्ससचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा टिकवला. एबी १०६४ न्यायालयात तरलं असतं की नाही, हे आता कळणार नाही. ऑरलँडोचा दावाही जानेवारी २०२६ मध्ये तडजोडीने मिटण्याच्या मार्गाला लागला. त्यामुळे चॅटबॉटचं बोलणं ही अभिव्यक्ती की सदोष वस्तू, या प्रश्नाचं उत्तर त्या खटल्यातून निघालं नाही.

वॉशिंग्टनची सावली

हे सगळं चालू असताना राज्यांनी एआयवर कायदे करायचेच नाहीत, असा दहा वर्षांचा बंदीहुकूम अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, घाटत होता. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकी सिनेटने तो ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकला. राज्यांचे बालसुरक्षा कायदे त्यात पुसले जातील, ही भीती त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक होती. ११ डिसेंबरला अध्यक्ष ट्रम्प यांनी राज्यांच्या एआय कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यासाठी खास पथक नेमणारा आदेश काढला. काँग्रेसपुढे राज्यांच्या कायद्यांवर मात करणारा जो प्रस्ताव न्यायचा आहे, त्यातून मुलांच्या सुरक्षेचे कायदे त्या आदेशाने वगळले. मोठ्या मॉडेलांच्या सुरक्षेवरचं एसबी ५३, ज्यावर न्यूसम यांनी २९ सप्टेंबरला सही केली, त्याच्या नशिबी अशी सवलत नाही. राज्याला एआयवर हक्काने उभं राहता येईल अशी जमीन सध्या हीच, मुलांची. म्हणूनच पुढची कित्येक विधेयकं मुलांचं नाव घेऊन येतील, त्यांचा विषय मुलं असो वा नसो.

तिसरं विधेयक

आता ‘माहीत असेल तर’ या शब्दांकडे. एसबी २४३ मधली मुलांसाठीची सगळी कर्तव्यं या एका अटीवर टांगलेली आहेत. वय न विचारणाऱ्या कंपनीला वय माहीत नसतं. विचारलं आणि मुलाने १९९५ साल निवडलं, तरी माहीत नसतं. डोळे मिटून घेण्याला बक्षीस देणारी ही जुनीच रचना आहे. १३ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीचं रक्षण करणाऱ्या १९९८ च्या फेडरल कायद्यातही सर्वसाधारण संकेतस्थळांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला.

एबी १०४३ बफी विक्स यांचं. १ जानेवारी २०२७ पासून ते लागू होईल. फोन किंवा संगणकाचं खातं उघडताना त्याची कार्यप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीने वापरणाऱ्याचं वय किंवा जन्मतारीख विचारायची, आणि ॲपला फक्त वयोगट कळवायचा: १३ खाली, १३ ते १५, १६-१७, १८ आणि वर. ओळखपत्र नाही, चेहऱ्याचं छायाचित्र नाही. ॲप डाउनलोड होऊन सुरू झालं की बनवणाऱ्याने हा संकेत मागवायचा. आणि मग ते वाक्य येतं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं: संकेत मिळाला की त्या कंपनीला वयोगट प्रत्यक्ष माहीत आहे, असं कायदा धरून चालणार.

दोन कायदे जोडून वाचले की एसबी २४३ ची फट बरीच बुजते. डोळे मिटायची सोय जाते, कारण माहिती दारात आणून टाकली जाते. वेगवेगळ्या लेखकांची, वेगवेगळ्या समित्यांतून आलेली ही दोन विधेयकं मिळून जे करतात, ते नाकारलेल्या विधेयकाच्या जवळ जातं. मजकुरावर बोट न ठेवता जातं, त्यामुळे न्यायालयात टिकण्याची शक्यताही अधिक. ‘मवाळ कायदा’ ही टीका पहिल्या वर्षापुरती रास्त आहे. दुसऱ्या वर्षी चित्र बदलेल.

उणं एकच, पण ते मोठं आहे. कर्तव्यं जागी होतील, तीही तीन तासांची आठवण आणि चित्रांवरची बंदी एवढीच. दुजोरा देत राहणं आणि गुंतवून ठेवणं ही एबी १०६४ ची दोन कलमं या दोन मंजूर कायद्यांत कुठेच आलेली नाहीत. कॅरेक्टर डॉट एआयने नोव्हेंबर २०२५ अखेर १८ खालच्यांसाठी मोकळं संभाषण बंद केलं ते कायद्याने सांगितलं म्हणून नव्हे, खटल्यांच्या आणि टीकेच्या धगीने. जे सगळ्यात बदलायला हवं होतं ते एका कंपनीने स्वतः बदललं, आणि उद्या ती ते परतही आणू शकते. कॉमन सेन्स मीडियाने मतदारांपुढे थेट प्रस्ताव नेण्याची तयारी केली, तेव्हा ओपनएआयनेही आपला वेगळा प्रस्ताव आणला. जानेवारी २०२६ मध्ये दोघांनी मिळून एकच मसुदा जाहीर केला. काल ज्याच्याविरुद्ध लढायचं होतं त्याच्याच टेबलावर बसून मसुदा लिहिणं ही हार की हुशारी, यावर मुलांच्या बाजूच्या संस्थांतच एकमत नाही.

आणि वयाचा संकेत? तो खातं उघडणाऱ्याने जे भरलं तेवढाच खरा. आधीपासून वापरात असलेल्या उपकरणांसाठी १ जुलै २०२७ पर्यंत वय भरून घेण्याची सोय द्यायची आहे. ज्या घरात एकच टॅब आहे आणि तो आईच्या नावावर आहे, तिथे संध्याकाळी तो मुलाच्या हातात गेल्यावरही ॲपकडे जाणारा संकेत ‘१८ आणि वर’ असाच असेल. कंपनीच्या नोंदीत त्या वेळी एक प्रौढ बाई चॅटबॉटशी बोलत असेल.